नऊ पंचावन्न

पंधरा ऑगस्ट, सकाळचे सव्वासात. सुट्टीच्या दिवशी इतक्या लवकर कुणी उठवणं हा खरं तर मानवी हक्कांचा भंगच. पण आमच्या सोसायटीचा लाऊडस्पीकर बरोब्बर आमच्या बाल्कनीखाली, पार्किंगमध्ये लागतो. देशभक्तीच्या गाण्यांपुढे उशीचं काही चालत नाही. उठलो, तिघीही. केस कसेबसे बांधले, पांढरे कुर्ते शोधले (एकीचा इस्त्रीविना) आणि खाली गेलो. झेंडावंदन झालं, राष्ट्रगीत झालं, सेक्रेटरीकाकांचं भाषण झालं. विषय अर्थातच स्वातंत्र्य. खोटं कशाला सांगू, काका छान बोलले. स्वातंत्र्य आयतं मिळालेलं नाही, तरुण पिढीने त्याची किंमत ओळखावी वगैरे. मग गरम जिलबी आणि सामोसे. मी दुसरी जिलबी उचलली आणि लिफ्टपाशी आले, तर वॉचमनमामा बोर्डावर सेलोटेपने एक कागद चिकटवत होते.

वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस. विषय पहिला, मागील सभेचं इतिवृत्त. विषय दुसरा, हिशेब. असं करत करत विषय क्रमांक ७ : ‘अविवाहित भाडेकरूंबाबत धोरण ठरविणे व त्यास मान्यता देणे.’ सोबत धोरणाचा मसुदासुद्धा जोडलेला. रात्री दहानंतर ये-जा नको. भिन्नलिंगी पाहुण्यांना प्रवेश नको. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाचे कागद समितीने नव्याने तपासावेत. आणि सध्याचे करार संपले की नूतनीकरण करू नये.

जिलबी हातातच राहिली.

बत्तीस फ्लॅट्सच्या सोसायटीत अविवाहित भाडेकरू होते दोनच ठिकाणी. एक आम्ही आणि दुसरे सी विंगमधले चार मुलगे. त्यांनी जूनमध्येच गाशा गुंडाळला. म्हणजे धोरण नेमकं कुणासाठी, हे कळायला फार डोकं लावायला नको होतं. गंमत बघा, तेव्हाच सोसायटीच्या गणपतीची वर्गणीही सुरू होती आणि आमच्या दारात पावतीपुस्तक सगळ्यात आधी आलं होतं. वर्गणीला बॅचलर चालतात!

आता ‘आम्ही’ म्हणजे कोण, ते सांगते. मी परभणीची. एक नागपूरवाली, एक मिरजवाली. सिंहगड रोडला पहिल्या मजल्यावर टू बीएचके, तिघींत भाडं वाटून. पुण्यात घर शोधलेल्या कुणालाही मी वेगळं काही सांगायला नको. आम्ही तेवीस फ्लॅट पाहिले. पाहिले म्हणजे काय, सहा आतून पाहिले, बाकीचे फोनवरच संपले. एजंटचे प्रश्न ठरलेले असतात. फॅमिली आहे का? व्हेज का? तिसरा प्रश्न, आडनाव काय? पहिल्या दोन प्रश्नांवर आम्ही तिघी मिळून पडायचो. तिसऱ्यावर मिरजवाली एकटी.

मिरजवालीच्या नावाची पहिली दोन अक्षरं कुठल्याही धर्मात खपतात. तिची पार्सलं त्या दोन अक्षरांवरच येतात. शेजारच्या काकू तिला त्याच नावाने हाक मारतात आणि संकष्टीला तिच्याच हातावर साबुदाण्याची खिचडी ठेवतात. लपवाछपवी कायद्याशी नाही, हे आधी सांगते. करारात तिघींची पूर्ण नावं आहेत, पोलिस व्हेरिफिकेशन झालंय, डोंबिवलीला राहणाऱ्या मालककाकांना सगळं माहीत आहे. कराराची प्रत सोसायटीच्या फायलीतही आहे. फक्त ती फाइल कुणी उघडत नाही. लपवाछपवी असते ती लिफ्टमध्ये. विषय क्रमांक सातने ती फाइल उघडली जाणार होती.

(हे सगळं लिहायला तिने परवानगी दिली आहे. अट एकच, टोपणनावही छापायचं नाही. म्हणून मिरजवाली. सतारींच्या गावची.)

माझं म्हणाल तर मी तशी सुखात वाढलेली मुलगी. घरी ‘सातच्या आत घरात’ होतं, पण ते सगळ्याच मुलींना असतं म्हणून कधी बोचलं नाही. आमच्या घरात स्वातंत्र्यदिन मात्र दोन. पुण्या-मुंबईच्या मित्रमैत्रिणींना हे सांगितलं की ते अजूनही चकित होतात. पंधरा ऑगस्ट १९४७ ला दिल्लीत झेंडा फडकला तेव्हा आमचा अख्खा मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. भारतीय फौजा आत आल्या १३ सप्टेंबर १९४८ ला, आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. म्हणजे तुमच्यापेक्षा तेरा महिने उशिरा. स्वामी रामानंद तीर्थांचं नाव आम्हाला शाळेत टिळकांच्या जोडीने शिकवतात, आणि १७ सप्टेंबरला आमच्याकडे पुन्हा एकदा झेंडावंदन असतं.

आजोबा तेव्हा दहा वर्षांचे होते. त्यांना मी लहानपणी विचारलं होतं, स्वातंत्र्य मिळालं त्या दिवशी काय झालं? मला वाटलं, मिरवणूक वगैरे सांगतील. ते म्हणाले, ‘‘काही नाही गं. वडील बाहेर ओट्यावर झोपले. त्याआधी वर्षभर आम्ही आत, कडी लावून झोपायचो. उकाड्यात सुद्धा.’’ रझाकारांच्या भीतीने. मला तेव्हा ते उत्तर अगदीच फुसकं वाटलं होतं. आणखी एक सांगायचं म्हणजे, शाळेत शिकल्यामुळे आजोबांना उर्दू शेवटपर्यंत छान वाचता यायची. मिरजवालीला उर्दूचं एक अक्षर येत नाही. ती अस्सल मिरजेचं मराठी बोलते आणि माझ्या ‘करूलालाव’ला हसते.

तर नोटीस लागल्यापासून सभेपर्यंत माझ्याकडे महिना होता. टेन्शन आलं की मी लोकांशी गप्पा मारत सुटते. या वेळी गप्पांना विषयही आयताच मिळाला होता, काकांच्या भाषणातला. म्हटलं, विचारू या तरी, ज्यांच्यासमोर भाषण झालं त्यांना स्वातंत्र्य म्हणजे काय वाटतं.

पहिला नंबर आमच्या कामवाल्या मावशींचा. पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीतून येतात, पाच घरं करतात. प्रश्न ऐकून त्या भांडं घासायच्या थांबल्यासुद्धा नाहीत.

‘‘पंधरा आगस्ट व्हय? तुमाला सुट्टी. आमाला डबल भांडी. समद्यांच्या घरी पुऱ्या न् श्रीखंड. तेलकट कढया कोन घासनार?’’

मी ओशाळले. आमची पण कढई होती त्यात. पुढे मी काही विचारलं नाही, पण ओटा पुसता पुसता त्याच म्हणाल्या, ‘‘एक सांगू का? माज्या घराचं लाइट बिल माज्या नावावर झालं, त्या दिवशी मला लई मोकळं वाटलं.’’ नवरा प्यायला की दाराबाहेर काढायचा. रात्र रात्र शेजारणीच्या ओट्यावर. मग पोरीने कुठे कुठे कागद फिरवून बिलावर आईचं नाव लावून आणलं. ‘‘आता वरडला तर बिल दावते. म्हनते, वाच. कुनाचं नाव हाय? त्याला वाचता येत न्हाई. पन गप बसतो.’’

वकिलाला विचाराल तर तो म्हणेल, लाइट बिल हा काही मालकीचा पुरावा नव्हे. बरोबर आहे. पण मावशींचा नवरा काही वकील नाही.

आणि एक गोष्ट मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवली. मावशींकडे पाच घरांच्या किल्ल्या असतात. आमचीही असते. त्या कधीही येतात, दार उघडतात, काम करतात, जातात. पाच कुटुंबांचा त्यांच्यावर डोळे झाकून विश्वास. पण लिफ्टच्या बाहेर पाटी आहे, कामवाल्यांनी जिना वापरावा. गुडघे दुखत असताना मावशी आमच्यासाठी पहिला मजला आणि बाकीच्यांसाठी पाचवा मजला चढतात. ती पाटी मी दीड वर्ष रोज बघत होते. रोज. ती माझ्याबद्दल नव्हती, त्यामुळे नीट वाचलीच नव्हती. पुण्यातल्या मोलकरणींनी १९८० मध्ये संप करून आपली संघटना उभी केली होती, २००८ मध्ये राज्यात घरकामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदाही झाला, हे मी ऑफिसात बसून गुगलवर वाचत होते, आणि दुसऱ्या विंडोत मावशींनी सोमवारी दांडी मारल्याचा वैताग नागपूरवालीला टाइप करत होते. असो.

वॉचमनमामा बीडचे. म्हणजे आमच्या मराठवाड्याचे, त्यामुळे गावाकडच्या गप्पा चालतात. सोसायटीत ते बारा तासांच्या ड्युटीवर. बसायला एक प्लास्टिकची खुर्ची, तिचा एक पाय तुटका, त्याला खाली वीट. मला वाटलं, हा माणूस तक्रारींचा पाढा वाचेल. पण ते म्हणाले, ‘‘ताई, हितं लई बरंय. हितं उचल नाही.’’

उचल माहीत आहे? मला अर्धवट माहीत होती. आपण गोड चहा पितो त्या साखरेमागची गोष्ट आहे ही. बीडकडून दर वर्षी दिवाळीच्या आसपास माणसं ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम हंगामाआधीच त्या कोयत्याला एकरकमी पैसे देतो, ती उचल. मग हंगामभर ऊस तोडून ती फेडायची. आजारी पडलात, पाऊस लागला, टनेज कमी भरलं, तर ती फिटत नाही. बाकी पुढच्या वर्षाच्या हिशेबाला चिकटते. जोवर फिटत नाही तोवर त्याच मुकादमाकडे जायचं. मामांनी अकरा हंगाम केले. अकराव्या वर्षी म्हैस विकून बाकी चुकती केली आणि पुण्याची एसटी धरली.

‘‘हितं म्हयना भरला की पगार. हिशेब मिटला. उद्या मला वाटलं ना, की नको ही नोकरी, तर शिट्टी टेबलावर ठिवून मी जाऊ शकतो. जात नाही. पन जाऊ शकतो.’’

त्यांनी ते ‘पन जाऊ शकतो’ दोनदा म्हटलं. मी अप्रेझलच्या नावाने बोटं मोडते तेव्हा हेच वाक्य माझ्या डोक्यात येतं, पण नोटीस पिरियड आणि कार लोन आठवून पुन्हा गप्प बसते.

मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि गेटवरचं रजिस्टर माझ्यासमोर उघडलं. मे महिन्यापासून आमच्या फ्लॅटच्या येण्याच्या वेळा वेगळ्या लिहायला त्यांना सांगितलं होतं. मला हे माहीतच नव्हतं! मी पान उलटलं. दुसरं उलटलं. फ्लॅट नंबर, तारीख, वेळ : नऊ पंचावन्न. पुढची ओळ, नऊ पंचावन्न. त्याच्याखाली, नऊ पंचावन्न. बाणेरहून कॅबने मी कधी साडेअकराला पोचते, नागपूरवालीचे यूएस कॉल संपता संपता एक वाजतो. पण रजिस्टरमध्ये आम्ही तिघी रोज, न चुकता, नऊ पंचावन्नला घरात.

‘‘दहा म्हनले हुते ना त्ये,’’ मामा म्हणाले. ‘‘म्हनून आपलं पाच मिनिटं आधीच लिवतो.’’

तिसऱ्या मजल्यावरच्या आजी हे ऐकून खोखो हसल्या. आजींचा फ्लॅट त्यांच्या स्वतःच्या नावावर आहे आणि हे त्या पहिल्या पाच मिनिटांत सांगतात. लग्नानंतरची त्यांची वीस वर्षं गेली सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात. नऊ बिऱ्हाडं, एक नळ, आणि रात्री साडेनऊला मालक वाड्याच्या दरवाजाला आतून अडसर घालायचे. आजी टेलिफोन खात्यात ऑपरेटर. १९७४-७५ च्या सुमाराला त्यांना आठवड्याआड दुपारपाळी असायची, घरी यायला अकरा वाजायचे. रोज दिंडी ठोठवायची, मालकांना उठवायचं, ते खाकरत येणार, कंदील वर धरून चेहरा बघणार, मग दार उघडणार. ‘‘चेहरा माहीत नव्हता का त्यांना? पण बघायचे. पगार माझा, पाळी माझी, आणि अडसर त्यांचा. या फ्लॅटला लॅच बसवलं ना, त्या दिवशी मी चार वेळा बाहेर जाऊन किल्लीने दार उघडून आत आले. ह्यांना वाटलं, वेड लागलं हिला.’’

आणि सेक्रेटरीकाका? त्यांनाही विचारलं. टाळणार होते, पण टाळणं अप्रामाणिक वाटलं. काकांना आपण खलनायक करून टाकणं सोपं आहे. पण या माणसाने उन्हाळ्यात पहाटे चारला उठून टँकर मोजलेत. एक पैसा न घेता. सी विंगच्या मुलांनी गच्चीवरच्या पावसाळी पाइपात बिअरचे टिन कोंबले होते आणि जुलैत वरच्या मजल्याच्या भिंती ओल्या झाल्या, तेव्हा प्लंबरबरोबर तेच गच्चीवर भिजत होते. ते म्हणाले, ‘‘बेटा, अडतीस वर्षं साहेबाला विचारून रजा घेतली. आता माझ्या घरात, माझ्या बिल्डिंगमध्ये कोण राहणार हे ठरवायचं एवढं तरी स्वातंत्र्य मला आहे की नाही?’’

उत्तर मला लगेच सुचलं नाही. आजही पटकन सुचत नाही.

त्या रात्री मी सोसायट्यांच्या आदर्श उपविधी डाऊनलोड करून वाचल्या. (हो, वीकएण्डला. तारुण्य!) त्यातून कळलं ते थोडक्यात असं. सभासदाने फ्लॅट भाड्याने देताना सोसायटीला कळवायचं असतं, कराराची प्रत द्यायची असते, पण परवानगी मागावी लागत नाही. भाड्याने दिला म्हणून बिनभोगवटा शुल्क लावता येतं, तेही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच, असा सरकारचा १ ऑगस्ट २००१ चा आदेश आहे. करार मात्र नोंदवायलाच हवा, तो महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा नियम. नियमांत ‘अविवाहित’ हा शब्द मला कुठे सापडला नाही.

म्हणजे आपण जिंकलो? थांबा. राज्यघटनेचं कलम १९ भारतीय नागरिकाला देशात कुठेही राहण्याचं, स्थायिक होण्याचं स्वातंत्र्य देतं. तेच कलम संघटना करण्याचं स्वातंत्र्यही देतं. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचं प्रकरण आलं, आणि सभासदत्व फक्त आपल्या समाजापुरतं ठेवण्याची त्या संस्थेची उपविधी न्यायालयाने वैध ठरवली. कलम १५ मध्ये दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव, रस्ते अशी यादी आहे, जिथे धर्म-जात-लिंगावरून कुणाला अडवता येणार नाही. त्या यादीत भाड्याचं घर नाही. काकांचा प्रश्न म्हणजे नुसता म्हातारपणचा हेका नव्हता.

पण हे सगळं वाचताना एक गोष्ट आठवत राहिली. ज्यांनी या घटनेच्या मसुदा समितीचं अध्यक्षपद भूषवलं, त्यांची. १९१७ मध्ये बाबासाहेब आंबेडकर परदेशातलं शिक्षण घेऊन बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकलेला माणूस, पण बडोद्यात राहायला खोली मिळेना. अखेर एका पारशी धर्मशाळेत ते पारशी नाव लावून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना बाहेर पडावं लागलं. एका हिंदू मित्राला विचारलं, एका ख्रिश्चन मित्राला विचारलं, दोघांनाही जमलं नाही. दिवस त्यांनी एका सार्वजनिक बागेत काढला आणि मग मुंबईची गाडी पकडली. हे त्यांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहून ठेवलं आहे. दुसऱ्याचं नाव लावून काढलेले ते अकरा दिवस मी याआधीही वाचले होते. फक्त आमच्या हॉलमध्ये दोन अक्षरांची पार्सलं उघडत बसलेल्या मुलीकडे बघत वाचले नव्हते.

मी तिला विचारलं, ‘‘तुझं काय गं? स्वातंत्र्य म्हणजे?’’

ती म्हणाली, ‘‘माझ्या आईने मला भेटायला यावं आणि मी तिला आधी काही शिकवून ठेवू नये.’’

दीड वर्षात तिची आई एकदाच आली होती. दोन दिवस. लिफ्टमध्ये गप्प उभी राहायची. मला वाटायचं, काकू अबोल आहेत.

सभा सप्टेंबरातल्या दुसऱ्या रविवारी, सकाळी दहाला, पार्किंगमध्ये. भाडेकरूंना सभेत बसता येत नाही, मत तर नाहीच. पण कुणाच्याही लक्षात न आलेली गोष्ट अशी, की सभा आमच्या बाल्कनीखाली होती आणि काकांनी माइक लावला होता! आम्ही तिघी वाळत घातलेल्या चादरीमागे, चहाचे मग घेऊन. हिशेब मंजूर, ऑडिटर मंजूर, लिफ्टच्या एएमसीवरून पाऊण तास भांडण. मग विषय क्रमांक सात.

काकांनी मसुदा वाचला. कुणीतरी म्हणालं, आपल्याला मुली वाईट आहेत असं म्हणायचं नाही, पण वातावरण. ‘वातावरण’ हा शब्द मी सहा वेळा मोजला. एकांनी विचारलं, पण नक्की तक्रार काय आहे? काकांनी गेटवरचं रजिस्टर मागवलं. पुरावा म्हणून.

वर चादरीमागे नागपूरवालीने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला.

खाली पानं उलटल्याचा आवाज माइकवर ऐकू येत होता. मग बराच वेळ काहीच नाही. मग काका, अगदी हळू : ‘‘नऊ पंचावन्न... नऊ पंचावन्न... हे काय आहे?’’

आधी कुणीतरी एकटंच हसलं. मग सगळं पार्किंग. हसणं ओसरल्यावर आजी बोलल्या. त्यांना माइक लागत नाही. ‘‘मी पंचाहत्तर साली रात्री अकराला घरी यायचे. नियम करायचा असेल तर तो सगळ्यांना करा. दहानंतर मीसुद्धा आत येणार नाही. आणि तुमचा मुलगा बेंगळुरूला भाड्यानेच राहतो ना हो? त्याचं लग्न झालं की काय, आम्हाला न कळवता?’’

भाषण एवढंच. त्याने सगळ्यांचं मन पालटलं वगैरे काही झालं नाही. दोघं-तिघं आजींवर तडकलेही. मतदान झालंच नाही. विषय क्रमांक सात पुढील सभेपर्यंत तहकूब, तीन जणांची उपसमिती, त्यात आजी. आमचा करार जानेवारीत संपतो. मालककाकांनी फोनवर सांगितलं, ‘‘जानेवारीचं जानेवारीत बघू.’’

पण पुढच्याच गुरुवारी गेटवर नवा वॉचमन होता. मामांना एजन्सीने वाघोलीच्या एका साइटवर पाठवलं. कारण कुणी सांगितलं नाही. मी फोन केला, माफी मागितली, काय बोलावं ते कळत नव्हतं. ते म्हणाले, ‘‘अहो ताई, हितं खुर्ची चांगलीय. चार पायाची.’’ मग म्हणाले, ‘‘लिवा तुमी तुमच्या पेपरात. आता काय, साइट तर बदलली.’’ वाघोली त्यांच्या खोलीपासून दीड तास लांब आहे. ते मी विचारल्यावर सांगितलं.

मावशींच्या पाटीचं मी उपसमितीला पत्र लिहिलं आहे. म्हणजे आजींना दिलं. मावशींना कळलं तेव्हा त्या माझ्यावरच उखडल्या, ‘‘माजी चार कामं जात्याल तुमच्या पत्रानं.’’ आधी त्यांना विचारायला हवं होतं. पत्र परत घेतलंय. सध्या मावशी आल्या की आम्ही तिघींपैकी कुणीतरी एक जण लिफ्टपर्यंत जातो आणि पाचव्या मजल्यापर्यंत त्यांच्याबरोबर उभं राहतो. अजून कुणी काही म्हटलेलं नाही.

सतरा सप्टेंबरला मी ऑफिसातून घरी फोन करून आईला शुभेच्छा दिल्या, ती हसली. रात्री आले तर गेटशेजारच्या लेटरबॉक्सपाशी मिरजवाली टॉर्च तोंडात धरून उभी. तिने एक पट्टी प्रिंट करून आणली होती. तिघींची नावं, तिचं मधलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. सेलोटेप नीट बसत नव्हता म्हणून मी एक टोक धरलं.

नवा वॉचमन जवळ आला. पट्टी वाचली. त्याच्या हातात रजिस्टर होतं.

‘‘या मधल्या मॅडम नवीन आल्यात का?’’

‘‘नाही,’’ ती म्हणाली. ‘‘दीड वर्ष झालं.’’